हाकेला लागणारा दिवा

३ नोव्हेंबर

छबडे,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं, म्हणून लिहितोय. पत्रात निदान तुला मधेच तोंड घालता येत नाही.

आईला अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं टळलं, हे आधी वाच आणि मग पुढे जा. सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना तिच्या हातातून सुटलं. तुझी वहिनी धावत गेली तर आई पसरलेल्या दुधाकडे बघत उभी, आणि ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा हलतो, वाचा जवळजवळ बंद झाली आहे.

तिला आमच्याच हॉस्पिटलात ठेवलंय, आणि तेही वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. त्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या गेल्या वर्षी नव्याने केल्या. यंत्रं कंपनीची, पण वायर न् वायर या हातांनी ओढलेली आहे. शाळा अर्धवट सोडून, लोकांचे बंद पडलेले रेडिओ उघडून उघडून शिकलेला तुझा भाऊ त्या मजल्याची देखभाल बघतो, हे तू तुझ्या शाळेत खुशाल सांगत जा.

खोली कशी आहे ते नीट सांगतो, म्हणजे तुला घोर राहणार नाही. गादीखाली एक पट्टी आहे. आईने एकटीने उठायचा प्रयत्न केला, नुसती कडेला सरकली, तरी तिचा पाय फरशीला लागायच्या आधी सिस्टरच्या मनगटावरचं यंत्र थरथरतं. नाडी, श्वास, रक्तातला ऑक्सिजन हे सगळं आपोआप नोंदलं जातं. पूर्वी सिस्टरांचा अर्धा दिवस आकडे लिहिण्यात जायचा. काल मी गेलो तेव्हा मोठ्या सिस्टर, म्हणजे त्या मजल्याच्या मुख्य, आईचे केस विंचरत बसल्या होत्या. पलंगासमोरच्या भिंतीवर स्क्रीन आहे. कुणीही आत आलं की त्याच्या बिल्ल्यावरून मोठ्या अक्षरांत दिसतं, डॉक्टर, व्यायाम, सफाई. पेशंट दचकत नाही. मी गेलो तर ‘देखभाल’ असं आलं. आईने एकदा त्या अक्षरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिची जुनी नजर होती, ‘तू? आणि देखभाल?’ म्हणणारी. म्हणजे डोकं शाबूत आहे.

तेव्हा धावत यायची गरज नाही. ती चांगल्या खोलीत आहे.

दादा


१० नोव्हेंबर

दादा,

पत्र मिळालं. ते आईबद्दल आहे की खोलीबद्दल, हे मला दोनदा वाचूनही ठरवता आलं नाही. गादीखालच्या पट्टीची तब्येत मात्र उत्तम दिसते.

असो. ती तुझ्या नजरेखाली आहे म्हणून मी इथे उभी राहू शकतेय, हेही खरंच.

मी का येत नाही ते तुला सांगायला नको. नवऱ्याचं घर सोडून मी बॅग घेऊन दारात आले, तेव्हा ती म्हणाली, “मी हाक मारेपर्यंत या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही.” तू तिथेच होतास. स्टुलावर चढून फ्यूज बदलत होतास आणि फ्यूजकडेच बघत होतास. मी त्या दिवसापासून या वसतिगृहात दुसऱ्यांच्या मुली सांभाळतेय. ताप आला, पाल दिसली, घरची आठवण आली, काहीही झालं की “मॅट्रनबाई!” म्हणून हाक येते आणि मी जाते. दिवसभर लोकांच्या हाकांना ओ देते. जिची हवी तिची आली नाही. हट्ट म्हणशील. तिचाच आहे, मी फक्त चालवतेय.

म्हणून एकच विचारते. ती माझं नाव काढते का? मला बोलावते का? हो असेल तर या मुली कुणाच्या तरी गळ्यात मारून मी मिळेल त्या गाडीने निघते. नसेल तर नाही असं लिही. माझं मन राखायला काहीबाही लिहू नकोस, तुला ते जमतही नाही.

वहिनीला सांग, तिने स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांकडेही बघावं.

छबडी


१९ नोव्हेंबर

छबडे,

तू खरं मागितलंस, म्हणून खरं सांगतो. नाही.

याचं कारण आईच्या मनात नाही, आजारात आहे. इथे वाचा-उपचाराच्या एक बाई आहेत, शिकलेल्या आणि समजावून सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, अशा झटक्यानंतर पुष्कळदा एखादाच शब्द मागे राहतो आणि माणूस सगळ्याला तोच वापरतो. पाणी हवं तरी तोच, कूस बदलायची तरी तोच. जिभेला वळण पडलेलं असतं, ते वळण तेवढं उरतं. त्यात अर्थ शोधत बसायचं नसतं. आईचाही तसा एक शब्द राहिलाय. तेव्हा ‘ती बोलावते’ असं मी लिहिलं तर ती शुद्ध फसवणूक होईल. मला ते करायचं नाही.

आता चांगली बातमी. पेशंटने सिस्टरला बोलवायचं ते बटण दाबून. आईच्या उजव्या हातात जोर नाही आणि डावा हात बटण सोडून सगळीकडे जातो. खोलीला आवाजही ऐकू येतो, पण निरोप जावा म्हणून कंपनीने ठरवलेला खुणेचा शब्द आईला बोलता येणं शक्य नव्हतं. धड माणसांची जीभ त्यावर अडखळते. सगळे म्हणाले, तासातासाने चक्कर मारू. मी म्हटलं, थांबा. तिचा शब्द खोलीला शिकू दे. ती खोलीचा शब्द शिकत नसेल, तर खोलीने तिचा शिकावा. तिचा आवाज पुन्हापुन्हा भरून घेतला, क्षीण झालेला, झोपेतला, घोगरा, सगळा. आणि जमलं!

आता ती तो शब्द बोलली की पलंगाच्या वर एक दिवा आहे, तो हळूहळू उजळतो, डोळ्यांवर येत नाही, उजाडतं तसा. त्याच वेळी सिस्टरला निरोप जातो आणि कुणीतरी येतं. परवा दुपारी तिला उलटी होणार होती, तिने शब्द उच्चारला, सिस्टर लगेच पोचल्या आणि भांडं धरलं. ठसका लागून काय झालं असतं ते मी तुला लिहीत नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “पूर्वी या मजल्यावर नुसत्या घंटा वाजायच्या आणि आम्ही इकडून तिकडे पळायचो. आता कळतं तरी कुणाच्या खोलीत जायचं.” हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आईची खोली दाखवली. आईने त्यांच्यासमोर शब्द म्हटला, दिवा लागला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारात होतो.

आई यंत्र वापरायला शिकली, छबडे. जी बाई मिक्सरला हात लावायची नाही!

दादा


२६ नोव्हेंबर

दादा,

नाही तर नाही. विचारलं ते बरं केलं. रडले वगैरे नाही. इथे रडायचं तर मुली रांग लावून बघायला उभ्या राहतात.

तू केलंस ते चांगलंच केलंस. मनापासून लिहितेय, टोमणा नाही. ठसक्याचं वाचलं आणि उठून मुलींच्या खोल्यांत एक चक्कर मारून आले.

एक सांग, शब्द कुठला राहिला? मी इथे मुलींचे गणवेश मोजताना तोच विचार करतेय. ‘अगोबाई’ असणार. नाहीतर ‘मेल्या’, तुला दिवसभर म्हणायची तो. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांसमोर ती ‘मेल्या’ म्हणाली आणि दिवा लागला, असं असेल तर लगेच कळव. पुष्कळ दिवसांत हसले नाही.

छबडी


४ डिसेंबर

छबडे,

‘मेल्या’ नाही, आणि ‘अगोबाई’ही नाही. ‘अगोबाई’ ठेवला असता तर भेटायला येणाऱ्या बायकांनी तो दिवा विझूच दिला नसता.

खुणेचा शब्द कसा असावा लागतो, त्याचं एक शास्त्र आहे. फार आखूड नको, आवाज ठसठशीत हवा, आणि मुख्य म्हणजे त्या खोलीत दुसऱ्या कुणी सहज बोलता बोलता तो उच्चारता कामा नये, नाहीतर फुकट निरोप जातात आणि सिस्टर वैतागतात. या सगळ्यांत आईचा शब्द अगदी चपखल बसला. सुरुवातीचा ‘छ’ यंत्राला फार स्वच्छ पकडता येतो. एकदाही चुकून दिवा लागलेला नाही.

शब्द ‘छबडे’ आहे.

मनाला लावून घेऊ नकोस. मीही पहिल्यांदा चमकलो होतो, म्हणून तर वाचा-उपचाराच्या बाईंना मुद्दाम विचारलं. पाण्यालाही ती तेच म्हणते, उशीलाही तेच. परवा डॉक्टर तपासत होते, तर त्यांनाही तेच म्हणाली, आणि त्यांना टक्कल आहे. तुला हे आधीच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू भलताच अर्थ लावला असतास.

दादा


११ डिसेंबर

दादा,

मी तुला विचारलं होतं, ती मला बोलावते का. तू ‘नाही’ लिहिलंस. आणि पुढच्या पत्रात लिहितोस की ती दिवसभर मलाच हाक मारते, आणि तू ती हाक भिंतीला ऐकवलीस, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिला पाणी हवं असताना ती ‘छबडे’ म्हणते, यात अर्थ नाही? पाणी हवं असलं की मी कुणाला हाक मारते, माहितीये? अजूनही?

अर्थ लावायचा की नाही, हे मी बघेन. उद्याच्या गाडीने निघतेय. हे पत्र आधी पोचतं की मी, देव जाणे. तिला सांगू नकोस. नाही, सांग. सांग की ओ द्यायला येतेय.

छबडी


२ जानेवारी

दादा,

नीट पोचले. वहिनीने दिलेला डबा गाडीत उघडला आणि तसाच मिटला. तुझ्याशी निघताना बोलले नाही, ते इथे बोलते.

मी खोलीत पाऊल टाकलं तर समोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत आलं, ‘नातेवाईक’. आईने ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, नातेवाइकाकडे बघतात तसं. चालेल म्हटलं, मी पिकलेय, जाड झालेय, चष्मा लागलाय. थोडा वेळ लागेल. खुर्ची ओढून बसले. ती किती छोटी झालीय रे.

मग ती म्हणाली, “छबडे.”

मी “ओ” म्हणायला तोंड उघडलं आणि वरचा दिवा लागला. तिने त्याच्याकडे बघितलं. तोंडावर जे आलं ते मी लहानपणी शाळेतून घरी यायचे तेव्हा यायचं. ते तिने दिव्याला दिलं आणि डोळे मिटले.

मागून तू म्हणालास, “बघितलंस? किती शांत झाली.”

मोठ्या सिस्टर मला जिन्यात भेटल्या. चांगली बाई आहे, त्यांच्यावर माझा काही राग नाही. म्हणाल्या, “सुरुवातीला दिवा लागला की त्या दाराकडे बघायच्या. रोज. आम्ही आत आलो की पुन्हा मान वळवायच्या. मग हळूहळू दाराकडे बघायचं सोडलं. तुमच्या भावाला मी सांगणार होते, पण ते दिवा बरोबर लागतोय ना, ते बघत असायचे.”

दुसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं, दुपारपुरता दिवा बंद कर. तू नियम सांगितलेस. तेव्हा मोठ्या सिस्टरच म्हणाल्या, “मी दारात खुर्ची टाकून बसते, काही लागलं तर मी आहे. बंद करा.” तू केलंस, कपाळाला आठ्या घालून, पण केलंस. आणि बाहेर जाऊन उभा राहिलास, म्हणून पुढचं तू पाहिलं नाहीस.

तिने हाक मारली. मी म्हटलं, “ओ, आई. ओ. आले मी.” तिने वर बघितलं. दिवा लागला नाही. पुन्हा हाक मारली. मी तिचा हात धरला, तिच्या तोंडासमोर तोंड नेलं, चष्मा काढला, लहानपणी काढायचे तसा वेडावाकडा चेहरासुद्धा काढला. तिने चांगल्या हाताने माझा गाल बाजूला सारला. रागाने नाही. खिडकीतून काही दिसत असावं आणि मधे कुणी उभं राहिलं की आपण त्याला सारतो, तसा. आणि माझ्या खांद्यावरून त्या विझलेल्या दिव्याकडे बघत मला हाका मारत राहिली. आवाज चिरकेपर्यंत. मग रडायला लागली.

मीच ओरडले, “दादा, लाव!” तू धावत आलास. दिवा लागला. ती थांबली.

मी त्या उजेडात बसून राहिले. दुसरं काय करणार.

खोलीला मी नावं ठेवणार नाही. आई पडली नाही, तिच्या पाठीला जखम नाही, ती घाणीत पडून राहत नाही, सिस्टरना तिच्याशी बोलायला सवड आहे. हे सगळं तू केलंस आणि नीट केलंस. दुसऱ्या कुणाची आई असती तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण हाकेला माणसाने ओ द्यायची असते. ती आपल्या घरात कुणी दिली नाही. तू दिव्याकडे बघत होतास, मी उंबऱ्याकडे.

आता काही दिवस लिहू नकोस. आईचं काही असेल तर वहिनीला फोन करायला सांग.

छबडी


२१ मार्च

छबडे,

तू लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिलं नाही. आई गेली तेव्हा तू आलीस, वहिनीच्या गळ्यात पडलीस, आईच्या पायांशी बसलीस आणि माझ्याकडे न बघता गेलीस. हे पत्र माफीचं नाही. एक काम पुरं झालं, ते तुला कळवायला हवं, म्हणून लिहितोय.

आधी त्या दिवसाचं. तू विचारलं नाहीस, पण तुला हवं असणार. दुपार होती. तिचा श्वास मंदावत गेला, ते मोठ्या सिस्टरना त्यांच्या मनगटावर कळलं. त्या लगेच गेल्या आणि मला वर बोलावून घेतलं. यंत्रात काही कसूर नव्हती. मी पोचलो तेव्हा सिस्टर तिचा हात धरून बसल्या होत्या आणि दिवा लागलेला होता. दिवा आपोआप लागत नाही. म्हणजे तिने हाक मारली होती. मला ऐकू आली नाही. मी जिन्यात होतो.

सिस्टरना विचारलं, शेवटी कुठे बघत होती? त्या म्हणाल्या, “डोळे मिटलेलेच होते.” खरं म्हणाल्या की माझं मन राखायला, ते मला ओळखता आलं नाही.

परवा त्या खोलीत नवा पेशंट यायचा होता, गवंडीकाम करणारे एक आजोबा, पाय मोडलेले. तेव्हा आईचं सगळं काढून खोली कोरी करायची होती. मदतनीस पोरगा म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, नको.

तिचे भरून घेतलेले आवाज पुसायच्या आधी एकदा लावले. लावायची गरज नसते. छबडे, मी ते यंत्रासाठी पूर्वी कितीदा ऐकले होते, ‘छ’ स्वच्छ आहे का, शेवट तुटत नाही ना. परवा पहिल्यांदा नुसते ऐकले. त्यातला एक तिने झोपेत म्हटलेला आहे. आपण खेळायला जायचो आणि दिवेलागणीला ती मागच्या दारातून तुला हाक मारायची, थोडी लांबवून, शेवटी वर नेऊन, तसाच्या तसा. वाचा-उपचाराच्या त्या बाई शिकलेल्या आहेत, पण त्यांनी ते मागचं दार पाहिलेलं नाही. मी पाहिलं होतं.

मग पुसले.

पुसल्यावर एक तपासणी करावी लागते. जुना शब्द खोलीत मोठ्याने उच्चारायचा आणि दिवा लागत नाही ना, ते बघायचं. मी पलंगाशी उभा राहून म्हटलं, “छबडे.” दिवा लागला नाही. काम बिनचूक झालं होतं. सफाईवाल्या मावशी फडकं घेऊन थांबल्या होत्या, म्हणाल्या, “लागत नाही ना? मग झालं की साहेब.”

मी म्हटलं, पुन्हा एकदा बघतो. पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण मोठ्या सिस्टर दारात आल्या.

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, “कुणाला बोलावताय, साहेब?”

मी स्टूल उचललं आणि बाहेर आलो. तुला लिहितोय.

दादा


२८ मार्च

दादा,

ओ.

छबडी